कुत्र्याची जात आणि आपली भीति

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं दहिवलींतील आमच्या आळीनें नगरपरिषदेकडे एक अर्ज केला. अर्जाचा मजकूर थोडक्यांत असा: आळीच्या टोंकास मुंबईच्या एका गृहस्थांनीं बंगला बांधला असून तेथें रॉटवायलर जातीचा एक दांडगा कुत्रा ठेविला आहे, ही जात घातक म्हणून सर्वत्र प्रसिद्ध आहे, तिच्यापासून मुलाबाळांच्या जीवितास धोका आहे, सबब तो कुत्रा तेथून हलविण्याची आज्ञा व्हावी. अर्जावर छत्तीस सह्या झाल्या. मसुदा आमचा होता आणि पहिली सहीही आमचीच होती. पुराव्यावांचून विधान करूं नये असें तीस वर्षें विद्यार्थ्यांस शिकवीत आलेल्या माणसानें तो मसुदा लिहितांना एकाही पुराव्याकडे पाहिलें नव्हतें, ही गोष्ट आम्ही लाजेनें नमूद करतों.

त्याच पंधरवड्यांत आमच्याकडे धुणींभांडीं करणाऱ्या बाईंची सात वर्षांची मुलगी आमच्याच पडवींत एका पिल्लाशीं खेळत असतां तें तिच्या बोटास चावलें. पिल्लू आळींतलें, गांवठी, दोन-अडीच महिन्यांचें. त्यास दूधपोळी घालणारांत आमच्या घरचींही माणसें होतीं. दांत तांदळाएवढे, रक्ताचे थेंब दोन. घरांतील वडीलधाऱ्यांनीं बोटावर हळद दाबली, मुलीच्या हातावर लाडू ठेविला आणि विषय संपला. चौथ्या दिवशीं तें पिल्लू तोंडास फेस येऊन, अडखळत, दिसेल त्या वस्तूस चावत मेलें, तेव्हां आमचे डोळे उघडले. मुलीस व तिच्या आईस घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यांत धांवलों. डॉक्टरांनीं प्रथम जखम साबणपाण्यानें धुवून काढली, लस टोंचली, जखमेभोंवतीं रेबीजचें प्रतिद्रव्य घातलें आणि पुढच्या तारखा लिहून दिल्या. त्या तारखा एकही न चुकतां पाळल्या गेल्या. मुलगी आज शाळेंत जाते. परंतु रॉटवायलरविरुद्ध अर्ज लिहिण्यास आम्हांस एक संध्याकाळ पुरली आणि पिल्लाच्या चाव्याचा अर्थ कळण्यास चार दिवस लागले, हा हिशेब कांहीं केल्या मनांतून जात नाहीं.

हा दोष आमचा एकट्याचा असता तर मासिकाचीं पानें त्यासाठीं अडविण्याचें कारण नव्हतें. पण ज्या सुशिक्षित कुटुंबांत आमची ऊठबस आहे, तेथें कुत्र्यांविषयीं बोलणें निघालें कीं पहिला प्रश्न ठरलेला असतो: सर्वांत भयंकर जात कोणती? मग पिटबुल, रॉटवायलर, डोबरमन, अल्सेशियन अशी नामावळी निघते. प्रत्येकाजवळ एक ऐकीव हकीकत असते. चहा संपेपर्यंत मंडळी यथास्थित घाबरून घेतात. त्याच वेळीं दाराशीं बसलेल्या गांवठी कुत्र्यास लस टोंचली आहे काय, हें कोणी विचारीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, आपण भलत्या गोष्टीस भीत आहों, आणि ही भलती भीति निरुपद्रवी नाहीं. तिच्यापायीं माणसें मरतात.

कुत्र्यास भिणें हा भ्याडपणा आहे असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. शेवटच्या लोकलनें कर्जतास उतरून, उल्हास नदीचा पूल ओलांडून दहिवलीकडे पायीं येतांना विझलेल्या दिव्याच्या खांबाखालून आठ-दहा कुत्र्यांचा घोळका उठून उभा राहिला म्हणजे काय वाटतें, तें आम्ही जाणतों. छत्री काठीसारखी धरून तो रस्ता आम्ही कित्येकदां काढला आहे. पहाटे सायकलवरून वर्तमानपत्रें टाकणारा पोरगा आणि डोंगरालगतच्या ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवरून शाळेंत चालत येणारीं मुलें यांची भीति तर आमच्याहून पुष्कळ खरी आहे. तेव्हां भीति असावी कीं नसावी हा प्रश्नच नव्हे. ती कशाची असावी, एवढाच प्रश्न आहे.

जातीचा मुद्दा आधीं सरळपणें तपासूं. कोणता कुत्रा वारंवार चावतो आणि कोणत्या कुत्र्याचा चावा अधिक जबर असतो, हे दोन निराळे प्रश्न आहेत. आपल्या गप्पांत त्यांचा एकच काला होतो. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतांना जात अगदींच गैरलागू आहे असें म्हणणारे शौकीन स्वतःस फसवितात. पिटबुलाची पैदास झुंजीकरितां झाली. रॉटवायलर हा जर्मनींत गुरें हांकण्यास व राखणीस तयार झालेला कुत्रा. चाळीस-पन्नास किलो वजनाच्या आणि रुंद जबड्याच्या कुत्र्यानें धरून झटके दिले तर लहान मूल वांचणें कठीण. २०२२ च्या जुलैंत लखनौस एका पिटबुलानें स्वतःच्या वृद्ध मालकिणीचा प्राण घेतला, हें सर्वांनीं वाचलें आहे. असा कुत्रा घरांत आणणारानें आपण कोणती जोखीम घेत आहों, हें जाणलेंच पाहिजे.

परंतु येथून थेट घातक जातींच्या यादीवर उडी मारणें हा तर्क नव्हे. अमेरिकेंत १९७९ ते १९९८ या वीस वर्षांत कुत्र्यांच्या हल्ल्यांनीं झालेल्या मृत्यूंचा एक अभ्यास २००० सालीं प्रसिद्ध झाला. कुत्र्याची जात कळली होती अशा २३८ मृत्यूंपैकीं निम्म्याहून अधिकांत पिटबुल किंवा रॉटवायलर होते. यादीचे पुरस्कर्ते वाचन येथेंच थांबवितात. त्याच अभ्यासांत पुढें असें आहे कीं, या मृत्यूंत निदान पंचवीस जातींचे कुत्रे गुंतलेले होते. आणि १९७९-८० या काळांत पहिला क्रमांक ग्रेट डेन या जातीचा होता. लोकांची आवड बदलली तशी घातक जातही बदलली. कोणत्या जातीचे एकंदर कुत्रे किती आहेत हें ठाऊक असल्यावांचून जातवार धोक्याचें प्रमाण काढतां येत नाहीं, असें अभ्यासकांनीं स्वतःच बजावलें आहे. आमच्या आळींत गांवठी कुत्रे तीस आणि रॉटवायलर एक. अशा ठिकाणीं नुसत्या चाव्यांच्या मोजणीवरून जातीचा स्वभाव ठरविणें हास्यास्पद होय.

इंग्लंडनें १९९१ सालीं कायदा करून चार जातींवर बंदी घातली. त्यानंतरच्या वर्षांत कुत्रा चावून रुग्णालयांत येणारांची संख्या तेथें कमी न होतां वाढली, आणि २०२३ च्या अखेरीस एक्सएल बुली हें पांचवें नांव यादींत घालण्याची पाळी आली. नेदरलंड्सनें १९९३ पासूनची पिटबुलबंदी २००८ सालीं उठविली, कारण तिनें चावे कमी झाले नव्हते. आपल्याकडे केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानें १२ मार्च २०२४ रोजीं राज्यांस पत्र लिहून तेवीस जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री थांबविण्यास सांगितलें. कर्नाटकाच्या उच्च न्यायालयानें १० एप्रिल २०२४ रोजीं आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयानें त्याच महिन्यांत तें पत्र रद्द ठरविलें. ज्यांचा संबंध त्यांचें म्हणणें आधीं ऐकून घेतलें नव्हतें, हा मुख्य आक्षेप होता. त्या यादींत 'टेरियर' असा एक अख्खा वर्गच घातलेला होता. मांडीवर बसणारा, तीन किलोंचा यॉर्कशायर टेरियरही त्याच वर्गांतला. भीतीनें लिहिलेल्या यादींत असे प्रमाद व्हावयाचेच. आमचा अर्ज तरी दुसऱ्या कशानें लिहिला होता?

आतां खरा मारेकरी पाहूं. कुत्र्यांमुळें मरणाऱ्या माणसांपैकीं फार मोठा भाग दांतांनीं फाडून मरत नाहीं. तो पिसाळीनें, म्हणजे रेबीजनें मरतो. जगांत दरवर्षीं सुमारें ५९,००० माणसें या रोगानें मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि माणसास होणारा हा रोग शंभरांत नव्याण्णव वेळां कुत्र्याकडूनच येतो. भारतांतील मृत्यूंचे जुने अंदाज वर्षास अठरा-वीस हजारांचे होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या अलीकडील पाहणीनें तो आंकडा सुमारें ५,७०० वर आणला. हा कमी अंदाज धरला तरी रोज पंधरा माणसें होतात. त्याच पाहणीप्रमाणें देशांत वर्षाकांठीं प्राण्यांचे सुमारें ९१ लक्ष चावे होतात, त्यांतील चारांपैकीं तीन कुत्र्यांचे. आणि कुत्रा चावलेल्या दर पांच जणांतील एकास लस मुळींच मिळालेली नव्हती. परदेशी जातींच्या कुत्र्यांनीं घेतलेले बळी वर्तमानपत्रांत एकेक करून छापले जातात. रोजच्या या पंधरांचें नांवही कोणी छापीत नाहीं. त्यांत लहान मुलें फार, गरीब फार, खेड्यांतलीं फार.

रेबीजचा विषाणु जखमेंतून मज्जातंतूंत शिरतो आणि हळूहळू मेंदूकडे सरकतो. या वाटचालीस बहुधा दोन-तीन महिने लागतात. चावा डोक्यावर वा चेहऱ्यावर असेल तर त्याहूनही कमी. तेवढ्या अवधींत, जितक्या लवकर तितकें बरें, लस सुरू झाली तर माणूस वांचतो. जलसंत्रासाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं जवळजवळ कोणीच वांचत नाहीं. दांत रॉटवायलरचा कीं दोन महिन्यांच्या पिल्लाचा, याशीं त्या विषाणूस कर्तव्य नसतें. पाश्चर यांनीं ६ जुलै १८८५ रोजीं नऊ वर्षांच्या एका मुलास पहिली लस टोंचली आणि तो वांचला. उपाय हातीं येऊन १४० वर्षें झालीं. तरीही आपल्या घरांत अजून जखमेवर हळद, तिखट किंवा चुना भरला जातो, आणि तो भरणारीं माणसें अशिक्षितच असतात असें नाहीं. आमची पडवी त्यास साक्ष आहे. पोटांतील चौदा इंजेक्शनांची धास्तीही अद्याप ऐकूं येते. ती लस, कसौलीस डेव्हिड सेंपल यांनीं १९११ सालीं मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली, भारतांत २००४ च्या अखेरीस बंद झाली. आतां दंडांत चार किंवा पांच वेळां टोंचून घ्यावें लागतें, इतकेंच.

आपल्या भाषेंत कुत्र्याच्या पैदाशीस आणि माणसाच्या ज्ञातीस 'जात' हा एकच शब्द आहे, ही गोष्ट या संबंधांत आम्हांस विशेष बोचते. आडनांव ऐकून माणसाची किंमत करण्याची खोड सभेंत आपण निषिद्ध ठरविली; पण तीच खोड कुत्र्याच्या बाबतींत बिनदिक्कत चालते. जातिवंत म्हणून एकास हजारों रुपये, घातक म्हणून दुसऱ्यास हद्दपारी आणि गांवठी म्हणून तिसऱ्यास उकिरडा. तिन्ही ठिकाणीं समोरचा प्राणी आपण पाहतच नाहीं. त्यांतून नजरेनें ठरविलेली जात तरी कितपत खरी? ज्यांस लोक छातीठोकपणें पिटबुल म्हणतात, त्यांतील पुष्कळांच्या आनुवंशिक परीक्षेंत निराळेंच मिश्रण निघतें, हें परदेशांत वारंवार दिसून आलें आहे.

कुत्रा घातक कशानें होतो हें पाहावयाचें तर त्याच्या गळ्यांतील साखळी पाहावी. आठवडाभर बांधून ठेवलेला, माणसांची संवय नसलेला, खच्ची न केलेला, पिल्लें जवळ असलेली मादी असलेला किंवा दुखणाईत असा कोणताही कुत्रा चावूं शकतो. कर्जत-खालापुराकडे आतां बागायतींपेक्षां फार्महाऊसें जवळजवळ दिसूं लागलीं आहेत. शनिवार-रविवारीं तेथें पाहुणे उतरतात, सोमवारीं मेजवान्यांचें उष्टें रस्त्याकडेला येतें, आणि त्या ढिगावर कुत्र्यांचा घोळका पोसतो. मालक मुंबईस, कुत्रा साखळीस, राखणदार एकटा. हें सर्व जातीनें घडत नाहीं. धन्याच्या बेफिकिरीनें घडतें. या बेफिकिरीस कायदाही आहे. पूर्वींच्या दंडसंहितेंत तें २८९ वें कलम होतें. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेंत तें २९१ वें आहे. आपल्या ताब्यांतील प्राण्यापासून माणसास इजा होऊं नये याची काळजी न घेणारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हें कलम कुत्र्याची जात विचारीत नाहीं. तो कोणाच्या ताब्यांत आहे एवढेंच विचारतें. आमच्या अर्जांत या कलमाचा उल्लेखही नव्हता.

मोकाट कुत्र्यांसंबंधीं तर समाजाचे दोन तट पडले आहेत, आणि दोन्ही तटांवर आमचा आरोप आहे. एक म्हणतो, सर्व मारून टाका. हा उपाय नवा नाहीं. १८३२ सालीं मुंबईंत सरकारनें मोकाट कुत्रे मारविण्यास आरंभ केला तेव्हां पारशी समाज चिडून रस्त्यावर आला, दुकानें बंद पडलीं, दंगा झाला. त्यानंतरही कुत्रे मारण्याचा क्रम बहुत वर्षें चालला आणि मुंबईंतले कुत्रे कांहीं संपले नाहींत. कारण उकिरडा राहिला कीं रिकाम्या जागीं शेजारचे कुत्रे येतात, आणि ते बहुधा लस न टोंचलेलेच असतात. दुसरा तट दयेचा. तो रोज पोळी घालतो, फोटो काढतो आणि लस टोंचण्याच्या दिवशीं घरीं नसतो. आम्ही या दुसऱ्या तटांतले होतों. त्या पिल्लास पोळी घालणाऱ्या हातांनीं त्याच्या आईस कधीं लस टोंचविली असती तर पुढचें कांहींच घडलें नसतें. ज्या दयेची किंमत कामवाल्या बाईंच्या मुलीस मोजावी लागते, तिला दया म्हणणें आम्हांस यापुढें जमणार नाहीं.

२०२३ च्या नियमांप्रमाणें मोकाट कुत्र्याचें निर्बीजीकरण करून, लस टोंचून त्यास त्याच्या जागीं सोडावयाचें आहे. सर्वोच्च न्यायालयानें २२ ऑगस्ट २०२५ रोजीं दिल्लीच्या प्रकरणांत हीच रीत कायम ठेवून पिसाळलेले व हल्लेखोर कुत्रे तेवढे वगळले आणि खाणें घालण्यास जागा ठरवून देण्यास सांगितलें. ७ नोव्हेंबर २०२५ रोजीं शाळा, रुग्णालयें, बसस्थानकें, रेल्वेस्थानकें अशा आवारांतून कुत्रे हटविण्याचा आदेश दिला. कुत्रा कोठें असावा हें न्यायालय सांगूं शकतें. पण त्यास धरून सुई टोंचण्याचें काम गांवालाच करावें लागतें.

तें होतें, याचें उदाहरण दूर नाहीं. गोव्यांत राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनीं मिळून घरोघर व रस्तोरस्तीं कुत्र्यांस लस टोंचण्याची मोहीम चालविली. वर्षास सुमारें ९५ हजार कुत्रे टोंचले गेले, शाळांतून मुलांस शिकविलें गेलें, संशयित कुत्र्यांची खबर घेणारी पथकें फिरलीं. २०१४ सालीं तेथें रेबीजनें पंधरा माणसें मेलीं होतीं. २०१८, २०१९ व २०२० या तीन वर्षांत एकही मेलें नाहीं. कुत्र्यांपैकीं शेंकडा सत्तरांस लस मिळाली कीं रोगाची सांखळी तुटते, असें शास्त्र सांगतें. गोव्याच्या त्या पथकांनीं एकाही कुत्र्यास जात विचारली नाहीं. जें गोव्यास साधलें तें रायगड जिल्ह्यास साधणार नाहीं, असें म्हणण्यास आधार काय?

वाचकांस आमची विनंति मोठी नाहीं. कुत्रा चावला, ओरबाडला, पिल्लाचा दांत नुसता लागला, तरी ती जागा वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. हळद-चुन्यास हात लावूं नये. त्याच दिवशीं दवाखाना गांठावा आणि शेवटची तारीख येईपर्यंत लस सोडूं नये. हें आपल्या मुलांस सांगावें, आणि आपल्या घरीं कामास येणाऱ्या माणसांच्या मुलांस त्याहून आधीं सांगावें. ज्या कुत्र्यास पोळी घालतों त्याच्या लशीचा खर्च आळीनें वर्गणीनें करावा. आणि जातिवंत कुत्रा पाळणारानें त्याची वंशावळ दिवाणखान्यांत लावण्याआधीं लशीचें पुस्तक दाराशीं लावावें.

त्या मुलीची शेवटची लस झाल्यावर आम्ही आळीच्या टोंकाच्या बंगल्यावर गेलों. राखणदारानें आम्हांस त्या रॉटवायलरचें लशीचें पुस्तक दाखविलें. दर वर्षाचा शिक्का जागच्या जागीं होता. फाटक दुहेरी होतें. तो कुत्रा कधींच कोणास चावणार नाहीं अशी हमी आम्ही देत नाहीं. पण त्या दिवशीं आळींत सर्वांत कमी घातक कुत्रा कोणता असें कोणी विचारलें असतें, तर आम्हांस त्याच्याकडेच बोट दाखवावें लागलें असतें. घरीं येऊन आम्हीं दुसरा अर्ज लिहिला. आळींतील सर्व कुत्र्यांस लस टोंचण्याची व्यवस्था व्हावी, धरून देण्याचें काम व वर्गणी आम्ही करूं, असा त्याचा मजकूर होता. पहिल्या अर्जावर छत्तीस सह्या झाल्या होत्या. दुसऱ्यावर आजपर्यंत अकरा झाल्या आहेत, आणि त्यांतील एक त्या मुलीच्या आईची आहे.